नसलेल्या माणसासाठी चार मजले

१९ जानेवारी

धाकटे,

तुझं खरं नाव काल भावजींनी सांगितलं. पाकिटावर ते लिहीन, पोस्टमनला लागतं. आत मात्र धाकटीच. आपल्या प्रार्थना मंडळात सगळ्यांत लहान म्हणून शिवणबाईंनी ठेवलेलं नाव वर्षभर तोंडात रुळलं, ते एका संध्याकाळीत कसं निघेल?

कागदाची मागची बाजू छापील आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. जुन्या कॅलेंडरची पानं मी टाकत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या टिपणातही आलं असेल म्हणा.

अक्षर लावून घे.

भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, तुमच्याच विद्यापीठात धर्मांचा इतिहास शिकवतात, हे मी तुला पहिल्याच महिन्यात कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हा तू पेल्यातला चहा सांडलास. मला वाटलं, भाजलं.

तर भावजी आले ते बूट न काढता खुर्चीवर बसले. असं ते कधी करत नाहीत. म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या गुरुवारच्या प्रार्थना मंडळात कुणी लिफ्ट सोडलीय का?"

मी हसले. "सोडलीय की. तुमच्यासमोर उभी आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बसा जरा."

त्यांच्या वरच्या मजल्यावर मानसशास्त्राचा विभाग आहे. तिथे चर्चासत्र होतं, शेजारधर्म म्हणून भावजींनाही बोलावलेलं. धर्मावर बोलणार म्हटल्यावर ते गेले. व्यासपीठावर तू. पडद्यावर लिहिलेलं: गट ब, सहभागी क्रमांक चार. स्त्री, गृहिणी, मॅट्रिक. रुग्ण चालू लागेपर्यंत लिफ्ट न वापरण्याचा निश्चय. निवास चौथा मजला. गुडघेदुखी. आणि खाली एका जिन्याचं चित्र, व्यंगचित्रासारखं, त्यावर धापा टाकणारी एक जाडी बाई.

"सभागृह हसलं," भावजी म्हणाले.

"तुम्ही?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तेव्हा मला कळलं नव्हतं ना, तुम्ही आहात ते."

मी म्हटलं, बरं, हसू देत. जिना चढताना मी दिसतेच तशी. पोरीला नाव सांगायचं नसेल म्हणून चार नंबर दिला असेल. मी तुझी बाजू घेतली, ऐकतेस ना? मी म्हटलं, तिच्या भावाचा पाठीचा कणा मोडलाय, बांधकामाच्या परांचीवरून पडलाय तो, तिला काही सुचत नसेल. तेव्हा भावजी म्हणाले, "वहिनी, पडद्यावर पुढची ओळ होती. रुग्ण काल्पनिक."

मी विचारलं, "काल्पनिक म्हणजे?"

मॅट्रिक आहे मी. काल्पनिक म्हणजे काय ते मला येतं. तरी विचारलं.

भावजींचा समज चुकीचा असू शकतो. ते विद्वान आहेत पण चष्मा सारखा विसरतात. म्हणून तुलाच विचारते आणि एका शब्दात उत्तर मागते. तुला भाऊ आहे की नाही?

आहे असं लिहिलंस तर मी भावजींना पुढचे दोन महिने चहा देणार नाही.

डिसेंबरात तू शेवटची आलीस तेव्हा म्हणालीस, पायाची हालचाल पुन्हा थांबली, आता त्याला दूरच्या इस्पितळात नेतोय, गुरुवारी येणं जमणार नाही. तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी त्याच्यासाठी आधी बसतो, मग बाकीच्यांसाठी. परवाही बसलो. हे आधी तुझ्या कानावर घालते, मग उत्तर लिही.

हिशेबताई


२८ जानेवारी

धाकटे,

तीन पानांचं पत्र लिहिलंस आणि 'नाही' हा शब्द दुसऱ्या पानाच्या मध्यावर ठेवलास. पहिलं पान मी उभ्याउभ्या वाचलं, दुसऱ्याला बसले.

म्हणजे नाहीच.

मी सकाळपासून तीनदा भाजी करायला घेतली आणि तिन्ही वेळा सुरी हातात घेऊन उभी राहिले. यांनी विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "हो. नाही. म्हणजे नव्हताच तो." हे म्हणाले, "आधी ठरव, मग रड."

तू लिहितेस, तुमच्या अभ्यासात असे सहा गट होते. तीन गटांना खऱ्या आजारी माणसासाठी प्रार्थना करायला मिळाली, तीन गटांना बनवलेल्या. दर आठवड्याची बातमी, बरं आहे की बिघडलं, ती संगणक सोडत काढून ठरवायचा, आणि तू ती आम्हाला येऊन सांगायचीस. बातमीनुसार आमची प्रार्थना वाढते की घटते, आम्ही एकमेकींशी कशा वागतो, हे पाहायचं होतं. आधी सांगितलं असतं तर आम्ही सहज वागलो नसतो. म्हणून नंतर सांगायचं ठरलं होतं, पण चर्चासत्राची तारीख आधी आली.

तारीख आधी आली! अगं, लग्नाची आमंत्रणं राहून जातात तसं लिहिलंयस हे.

ऑगस्टात तू म्हणालीस, त्यानं अंगठा हलवला. आठवतं? नर्सताईंनी टाळी वाजवली. शिवणबाई मशीनवरून उठल्या आणि तुला कवेत घेतलं. घरी येताना मी एकेक पायरी मोजत नव्हते, उडत होते. तो अंगठा सोडतीतून निघालेला?

तुझ्या सरांनी केलेला अहवाल सोबत पाठवलास, बरं केलंस. डिक्शनरी घेऊन वाचला. आमचे डोळे किती वेळ मिटलेले, आवाज कधी चढला, कोण कोणाच्या शेजारी बसलं, सगळं आहे. माझ्या नावासमोर, म्हणजे नंबरासमोर, लिहिलंय की निश्चयामागे परिस्थितीवर ताबा मिळवण्याची गरज दिसते. अख्ख्या अहवालात देव हा शब्द एकदा आलाय, तोही अवतरणचिन्हांत. जसं एखाद्या बाईबद्दल लिहावं, तिचा 'नवरा'.

मला राग त्याचा येतो, धाकटे. फोनवर बोलणाऱ्या माणसाचा तुम्ही वर्षभर अभ्यास केलात. त्याचा आवाज, हातवारे, किती मिनिटं बोलला, बोलून झाल्यावर बरं वाटलं का. पलीकडे कोण आहे हे एकदाही विचारलं नाहीत. पलीकडे कुणी नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तसं लिहा की स्वच्छ. ते नाही लिहिलंय. विषयाच्या कक्षेबाहेर, एवढंच लिहिलंय. मी ज्याच्यासाठी पहाटे उठते तो तुमच्या कक्षेबाहेर, आणि माझे गुडघे तेवढे कक्षेच्या आत!

खोटं बोलणार नाही. तुमच्या आलेखातली एक रेघ खरी आहे. वाईट बातमी आली की मी जास्त बसायची आणि चांगली आली की थोडी मिरवायची, जणू अंगठा मीच हलवला. ती रेघ पाहून मला घेरी आली. खरी आहे म्हणून जास्त आली.

गेल्या गुरुवारी मी मंडळात सांगितलं. शिवणबाईंनी मशीनवरचं कापड उगाच घडी केलं, उलगडलं, घडी केलं. मग नर्सताई म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, कणा मोडलेला असा पेशंट मी जन्मात पाहिला नाही."

शिवणबाई म्हणाल्या, "पाहणार कशा? नव्हताच तो."

आणि आम्ही तिघी हसत सुटलो. इतकं की नर्सताईंना ठसका लागला. त्यानंतर प्रार्थनेला बसलो आणि कुणालाच सुरुवात करता येईना. मी डोळे मिटले, पण पापणीच्या फटीतून बघत राहिले, कोण बघतंय का. उघडले तर बाकीच्या दोघीही तशाच बघत होत्या. पाणी पिऊन घरी आलो.

तुझ्या सरांना हे कळव. वाढते की घटते याचं उत्तर.

मागे सहीचा कागद जोडलायस, की माझी माहिती वापरायला माझी हरकत नाही. त्यावर मी अजून काही केलेलं नाही. एक मात्र सांग. सप्टेंबरात एकदा तू बातमी सांगता सांगता रडलीस. नर्सताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ. ते सोडतीत निघालं होतं का?

सहभागी चार


९ फेब्रुवारी

धाकटे,

सोबतचं कात्रण वाच. वाचलंस ना? आता कळेल मी हे पत्र इतकं दाबून का लिहिलंय. मागच्या पानावर उमटलं असेल.

'एका भाबड्या गृहिणीची फसवणूक.' लेखक, आमचे भावजी. अर्धं पान. छायाचित्रासकट. छायाचित्र त्यांचं.

गल्लीच्या टोकाच्या वाण्यानं मला ते दाखवलं. "ताई, ही लिफ्टवाली तुम्हीच ना?" म्हणाला आणि पिशवी स्वतः उचलून फाटकापर्यंत घेऊन आला. भाबडी म्हणून.

भावजी संध्याकाळी आले ते खुशीत. त्यांना वाटलं मी चहाबरोबर काही गोडधोड काढीन. मी कात्रण पुढे ठेवलं.

"वहिनी, तुमच्या बाजूनं लिहिलंय मी!"

"बाजू माझी आणि सही तुमची?"

"अहो, कुणीतरी बोलायला नको का? या लोकांना धर्म म्हणजे काय वाटतो? डोळा किती फडफडला, हनुवटी किती अंशात झुकली! आमच्याकडे निदान माणूस देवाला काय म्हणाला ते आम्ही अक्षरन् अक्षर वाचतो. चारशे वर्षांपूर्वीच्या एका विधवेची शिळेवर कोरलेली दोन ओळींची विनवणी आहे, तिच्यासाठी मी आठ वर्षं दिलीत, आठ!"

"ती काही बोलली का तुम्हाला?"

"कोण?"

"ती विधवा. भाबडी म्हणालात का तिला?"

"वहिनी, तुम्ही विषय बदलताय."

"भावजी, तुमची सगळी माणसं मेलेली. तक्रार करत नाहीत, म्हणून तुमचं बरं चाललंय. मी वर तुमच्यासाठी चहा टाकतेय आणि तुम्ही खाली माझ्याबद्दल छापताय. त्या मुलीनं मला निदान नंबर तरी दिला. तुम्ही चौथा मजला लिहिलात, आणि मजल्याखाली तुमचं आडनाव!"

ते लाल झाले. आपलंच म्हणणं धरून राहिले, त्यांचा तो स्वभावच. म्हणाले, मानसशास्त्रवाल्यांना धडा शिकवायलाच हवा. मी म्हटलं, शिकवा, पण माझी पाटी वापरू नका. चहा न घेता गेले. उंबऱ्यातून परत फिरले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो, ते मला झोपू देत नाही, म्हणून लिहिलं." मग गेले. आता त्या वाक्याचं मी काय करू? रागावता येईना, सोडून देता येईना.

दुसरं म्हणजे, यांचं खुब्याचं ऑपरेशन सोमवारी झालं. तुला मंडळात सांगितलं होतं ना, पुढेमागे करायचंय म्हणून. व्यवस्थित झालं. पण मी तुला जे सांगायला बसलेय ते हे नव्हे.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर हिरवा बाक आहे. त्यावर मी बसले, डोळे मिटले. वय झालेला माणूस आत झोपवलेला, माझं त्याच्याशिवाय कुणी नाही, मूलबाळ नाही. अशा वेळी तोंडातून देव निघत नाही असं आजवर झालेलं नाही. आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? 'सहभागी चार डोळे मिटते.' मी पुन्हा सुरुवात केली. 'सहभागी चार पुन्हा सुरुवात करते. परिस्थितीवर ताबा.' आवाज तुझा होता. तू बातमी वाचायचीस त्याच मऊ आवाजात.

मी उठून भिंतीवरची पाटी वाचत उभी राहिले. पादत्राणे बाहेर काढावीत. आत माझा माणूस, आणि मी पादत्राणे वाचतेय.

धाकटे, कुणी माझं दागिन्याचं कपाट फोडलं असतं तर पोलिसात गेले असते. हे कुठे सांगायचं असतं?

तुझं उत्तर आलं. 'ते रडणं सोडतीत नव्हतं, वहीतही नाही, सरांनाही सांगितलेलं नाही, का आलं ते मलाही ठाऊक नाही.' वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही.


२१ फेब्रुवारी

धाकटे,

हे घरी आले. आणि आल्या आल्या तुझ्या भावाशी यांची गाठ पडली.

आमची लिफ्ट तू पाहिली आहेस. जाळीचा दरवाजा, हातानं ओढायचा, आणि ओढायला दोन हात लागतात. हे दोन्ही हातांनी वॉकर धरून. म्हणजे बरोबर एक माणूस पाहिजे. वॉचमन नव्हता, शेजारचे कामावर. मी यांना आत उभं केलं, दरवाजा लावला, बाहेरून हात घालून बटण दाबलं आणि जिन्याला लागले.

मला वाटलं होतं मी आधी पोचेन. वेडी! गुडघे काय म्हणतात ते गुडघ्यांना ठाऊक. दुसऱ्या मजल्यावर होते तेव्हाच वरून घंटी सुरू झाली. यांनी लिफ्टमधली धोक्याची घंटी धरून ठेवली होती. अख्ख्या इमारतीची दारं उघडली. मी चौथ्यावर पोचले तेव्हा हे जाळीमागे उभे, आणि समोर तीन बायका, कुणी आग लागली म्हणून बादली घेऊन आलेली.

घरात आल्यावर हे म्हणाले, "मला एक जिवंत बाई लागते, लिफ्टमध्ये, शेजारी. तुझा तो नसलेला माणूस पलंगावर पडलाय ना, पडू दे की आरामात. त्याला कसली घाई?"

मी म्हटलं, "शब्द त्याला दिलेला नाही."

"मग?"

"देवाला दिलाय. की तो चालेपर्यंत मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही."

"अगं, पण तो चालणार कसा? नाहीच तर!"

"तेच तर."

हे डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "वकिलाला विचारायला हवं."

चेष्टा केली यांनी, पण दुसऱ्या दिवशी फिजिओवाली म्हणाली, रोज खाली अंगणात चालवा, नाहीतर खुबा आखडेल. रोज एकदा खाली, एकदा वर. रोज कुणाला हाक मारू? काल मी जाळी उघडून लिफ्टच्या दारात उभी राहिले. आत पाय टाकायचा फक्त. आत आरसा आहे, त्यात मी दिसत होते, पिशवी घेऊन उभी. मी देवाला म्हटलं, माणूसच नव्हता तर करार कसला? व्यवहारात हे कुणीही कबूल करील. ज्याच्या नावानं पावती तो माणूस नाही, पावती रद्द.

पण पाय उचलेना. कारण मी त्या माणसासाठी खरंच मागितलं होतं गं. तो नव्हता, पण मागणं होतं. मागणं काल्पनिक नव्हतं. मी ज्याच्याशी बोलले त्यानं ते ऐकलं असेल, तर त्यानं काय केलं त्याचं? तुमचा अभ्यास संपला तेव्हा शेवटची सोडत वाईट निघाली होती, म्हणून तो माणूस तसाच लुळा पडून आहे. तुम्ही सगळे दिवे विझवून घरी गेलात. त्याला उठवायचं कुणी?

मी पिशवी घेऊन जिन्यानं वर आले. हे आज अंगणात गेले नाहीत. खिडकीत बसून दुसऱ्यांची मुलं खेळताना बघत होते.

तू म्हणशील याचं मी काय करू. मला माहीत नाही. तू ज्याला जन्माला घातलंस त्याचं काय करायचं ते तू सांगायला हवंस.

हिशेबताई


२ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी ते उलटं ठेवलं. परत सरळ केलं. तेच लिहिलेलं होतं.

'ताई, मी असं लिहून देऊ का, की तो चालायला लागला? म्हणजे तुम्ही मोकळ्या व्हाल.'

पुन्हा? सगळं उघड झाल्यावर, मला ठाऊक असताना, तुला ठाऊक असताना, पुन्हा? आधी संगणकानं सोडत काढली, आता दयेनं काढायची? मी तो कागद देवापुढे धरू आणि म्हणू, बघ, चालला? तुझ्या मनात वाईट नव्हतं हे कळतं मला. त्यानंच तर जास्त हादरले. तुमच्या वरच्या मजल्यावर इतकं सोपं असतं का गं, एका ओळीत माणूस पाडायचा, एका ओळीत उभा करायचा?

मी यांना वाचून दाखवलं. हे हसले नाहीत. वॉकरवर हनुवटी टेकून विचार करत बसले. टपाल खात्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस.

मी म्हटलं, "पत्ता चुकीचा असला तर पत्राचं काय व्हायचं तुमच्याकडे?"

"पाठवणाऱ्याकडे परत."

"आणि माणूसच नसला तर? घर आहे, पण त्या नावाचं कुणी नाही?"

"तसंही यायचं. मग आमचा जुना पोस्टमन काय करायचा ठाऊक आहे? त्या घरात जे कोणी असेल त्याला विचारायचा, तुमचं आहे का बघा. बहुतेक वेळा त्यांचंच असायचं. लोक काय, घाबरून, लाजून, दुसऱ्याच्या नावानं मागवतात."

आणि हे खिडकीबाहेर बघायला लागले. यांनी ते काही मनात धरून म्हटलं नव्हतं. मी मात्र पोळपाटाशी तशीच थांबले.

त्या घरात जे कोणी असेल.

सप्टेंबरातलं तुझं रडणं मला आठवलं. तू वाचत होतीस की त्याला कूस बदलता येत नाही, कुणी हाक मारली तर मान वळवता येत नाही, आणि वाचता वाचता कोसळलीस. आम्ही तिघी तुझ्याभोवती. नर्सताई तुझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या दिवशी आम्ही सगळ्यांत जास्त वेळ बसलो. तुमच्या अहवालात त्या गुरुवारची रेघ सगळ्यांत उंच आहे, आणि खाली सरांनी लिहिलंय, कारण अस्पष्ट.

मला अस्पष्ट नाही. आम्ही बोलत होतो त्याच्या नावानं, पण डोळ्यांसमोर तू होतीस. वर्षभर दर गुरुवारी, ज्या घरातून बातमी यायची त्या घराच्या नावानं आम्ही मागितलं, आणि त्या घरात तू एकटीच राहतेस. तुला कुणी हाक मारली तर मान वळवता येते का, धाकटे? आम्ही कुणी कधी विचारलं नाही. आम्हालाही तुझ्या भावाचीच जास्त पडली होती.

भावजींना मी हे सांगितलं. काल आले होते, बूट काढून. म्हणाले, "वहिनी, याला शास्त्राधार काढावा लागेल." मी म्हटलं, "काढा, पण छापू नका." म्हणाले, "नाही छापत." चहा दोन कप घेतला. आता त्यांचा आणि तुझ्या सरांचा पत्रव्यवहार सुरू आहे म्हणे, कोणाच्या विद्येला धर्म जास्त कळतो यावर. चालू दे. दोघांना एकमेकांच्या हनुवट्या मोजू दे.

आता माझं ऐक, आणि हे तुला माफ केलंय असं समजू नकोस. मी अजून देवापुढे बसले की तुझा आवाज येतो. कमी आलाय, गेलेला नाही. गेला की कळवीन.

येत्या गुरुवारी मंडळ माझ्याकडे आहे, यांना एकटं सोडता येत नाही म्हणून. शिवणबाई आणि नर्सताई यायला तयार आहेत. शिवणबाई म्हणाल्या, मी तिच्याशी बोलणार नाही, पण येईन. नर्सताई म्हणाल्या, मी बोलेन, आणि तिला ऐकावं लागेल. तेव्हा तयारीनं ये.

वही आणू नकोस. बातमी आणू नकोस. सहीचा कागद माझ्या डब्याखाली आहे, तू समोर बसलीस की ठरवीन, त्याआधी नाही.

आणि लिफ्टनं येऊ नकोस. पायी चढ. चारही मजले. दुसऱ्यानंतर एक पायरी उंच आहे, तिथे सगळेच अडखळतात. तिसऱ्यावर कठडा हलतो, भिंतीकडून ये. दम लागला तर बस, मीही बसायची, कुणी हसत नाही. फक्त तिथून परत फिरू नकोस.

तू वर पोचलीस की मी देवाला सांगेन, ज्याच्यासाठी मागितलं होतं ते माणूस चालत आलं. त्यात खोटं एक अक्षर नसेल. मग मी जाळी ओढीन आणि यांना घेऊन अंगणात जाईन. तोवर तू चहा टाक. साखर कुठे असते ते तुला माहीत आहे.

घंटी वाजवू नकोस. दार उघडंच ठेवीन. मला पावलं ऐकायची आहेत.

हिशेबताई